दोन जोड वहाणा

माझगाव, मुंबई
१२ डिसेंबर १९६०

चि. सुगंधा हिला शिवादादाचे आशीर्वाद.

आजी गेल्याची तार आली तेव्हा मी गोदीत एका बोटीच्या पोटात इंजिनाखाली उताणा पडलो होतो. मुकादमाने पाय धरून बाहेर ओढलं आणि कागद हातात दिला. वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा आत गेलो, कारण हातातला नट अर्धाच आवळलेला होता. तू म्हणशील, हा कसला नातू. खुशाल म्हण. अग्नी बाळाने दिला ते बरं झालं. शेजारच्या सुभद्राकाकीचा मुलगा म्हणजे घरचाच, आणि आजीचा त्याच्यावर जीव होता.

आता कामाचं. आमच्या ग्रामस्थ मंडळाने एक जानेवारीला, रविवारी, आजीसाठी शोकसभा ठेवली आहे. मुंबईत आलेल्या वाडीतल्या निम्म्या पोरांना तिने कधी ना कधी पेज वाढलेली आहे, त्यामुळे सगळे येणार. बोलायचं मात्र मला. आणि माझी पंचाईत अशी की बोलायचा विचार केला की मला तिचे अनवाणी पायच दिसतात. मी हौसेने नेलेल्या वहाणा तिने एक दिवससुद्धा घातल्या नाहीत. सात वर्षं झाली, पण ते माझ्या घशाखाली उतरत नाही. हे काही सभेत सांगायचं बोलणं नव्हे.

तेव्हा तू मला तिच्या चार चांगल्या गोष्टी लिहून पाठव. तू तिच्याजवळ राहिलीस. मला तिचा आवाजसुद्धा नीट आठवेनासा झालाय, आणि खरं सांगतो, त्याची मला भीती वाटते.

तुझा
शिवादादा


खाजणवाडी, ता. वेंगुर्ले
२० डिसेंबर १९६०

शिवादादास सुगंधाचा नमस्कार.

तेराव्यालाही तू आला नाहीस ते मी विचारत नाही, काकी विचारते. तिला सांगितलं, दादाला रजा नाही. मी खोटं बोलले ते आजीच्या वेतोबाने ऐकलं असणार, आता तो आणि तू बघून घ्या.

चार गोष्टी मागतोस? इथे चारशे आहेत. सभेला मुंबईत जन्मलेली मुलंही येतील, त्यांना आधी एवढं सांग की आपला वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, आणि लोक नवसाच्या नव्या वहाणा आणून त्याच्या पायाशी ठेवतात. गावाचा तो देव. आजीचा मात्र आधी शेजारी, मग देव. त्याच्याशी ती कुंपणावरून बोलावं तशी बोलायची.

आपल्या मागच्या माडाचे नारळ चोरीला गेले होते ते आठवतं? सकाळी उठली, तोंडसुद्धा न धुता देवळात गेली आणि दारातूनच सुरू झाली, "काय रे वेतोबा, रातभर गावभर भोवतंस आणि माझो माड तेवढो तुका दिसाक नाय?" गुरव हसत बाहेर आले तर त्यांनाही दोन शब्द मिळाले. काकीची गाय हरवली तेव्हा आजीने त्याला केळ्यांचा घड कबूल केला. गाय संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आजीने अर्धाच घड नेला. म्हणाली, "उशीर तेना केल्यान, मी कित्याक पुरो घड देव?"

आणि तो घड कुठे गेला ते ऐक. देवळाच्या वाटेवर शिरोड्याकडून चालत येणारं एक जोडपं बसलं होतं, कडेला पोर. त्यांनी आजीकडे पाणी मागितलं. आजीने घड त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि रिकाम्या हातांनी देवळात जाऊन सांगून आली, "तुझी केळी वाटेर जेवली. तुका पोचली म्हणान लिव." नैवेद्य मोडला म्हणून काकी तिच्याशी दोन दिवस बोलत नव्हती. आजी तेवढीच निवांत होती.

हे सगळं सांग. तिने पंचवीस वर्षं डोक्यावरून कोकमाची सोलं आणि सुरंगीच्या फुलांचे वळेसर वेंगुर्ल्याला नेऊन विकले आणि आई-बाबांच्या माघारी आपल्याला वाढवलं, तेही सांग. दुपारी कातळ असा तापतो की कुत्रीसुद्धा सावलीतून हलत नाहीत, ती त्यावरून चालत यायची.

अनवाणी का, ते मलाही माहीत नाही. विचारलं की म्हणायची, "माझे पाय काय वेतोबाचे आसत झिजाक?" एक गोष्ट मात्र सभेत सांगू नकोस, तुलाच सांगते. शेवटच्या दिवशी दुपारी दोन घोट पेज घेतली, मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "वेतोबाक सांग, माझा मी केलंय. आता तेचा तेना करूचा." मी विचारलं, तेचा म्हणजे काय गो आजी? ती हसली. मग बोललीच नाही.

तुझी
सुगंधा


माझगाव, मुंबई
९ जानेवारी १९६१

चि. सुगंधा,

सभा छान झाली. अर्ध्याच नेलेल्या घडाची गोष्ट सांगितली तेव्हा हशा झाला आणि वाटेवर जेवलेल्या केळ्यांची सांगितली तेव्हा बायका रडल्या. मला वाटलं, आपण बरे वक्ते आहोत. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. बोलण्याच्या भरात मी वहाणांची गोष्टही सांगून टाकली.

तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस, तुला सगळं आठवत नसेल. तूच पत्रात लिहिलं होतंस की आजी अनवाणी फिरते. मी तिच्या पायाचं माप दोऱ्याने तुझ्याकडून मागवलं आणि त्रेपन्न सालच्या मेमध्ये चार वर्षांनी दोन दिवसांसाठी घरी आलो तेव्हा मऊ चामड्याच्या, दुहेरी तळव्याच्या वहाणा घेऊन आलो. बोटीत उशाशी घेऊन झोपलो होतो. तिने त्या कपाळाला लावल्या, खुंटीवर टांगल्या आणि म्हणाली, "उद्या घालतंय." उद्या म्हणजे माझा जायचा दिवस. त्या दिवशी ती मला पोचवायला बंदरावर आली ती अनवाणी. लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, नातू मुंबईचा आणि म्हातारी उघड्या पायांनी. मी बोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलो आणि मागे वळून पाहिलं नाही. तिला नातवाचं काही नको होतं असं मी त्या दिवशी समजलो आणि मग मे आले गेले, मी चार ओळींची पत्रं टाकत राहिलो.

एवढं मी सभेत सांगितलं. मागच्या बाकावर आपल्या वाडीतले म्हातारे शंकरआबा बसले होते, ते तेवढे मान हलवून, आजीचं नाव घेऊन म्हणाले, "हौसाबायक तू वळखूकच नाय, झिला." मला राग आला. सात वर्षं मी दुखावलेला, आणि मलाच बोल!

तुझा
शिवादादा


खाजणवाडी
२ फेब्रुवारी १९६१

दादा,

खाली बस आणि मग वाच.

गेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले. वहाणा करणारे सत्यवानदादा दुकानात बसले होते. त्यांनी हाक मारली, "बाय, हौसाआजयेची एक वस्तू माझ्याकडे रवली आसा. आता ती येवची नाय, तू तरी बघ." आतून गोणपाटात बांधलेला गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर सोडला. उंडीच्या कडू तेलाचा वास आला. हाच वास आजीच्या हातांना यायचा, मला वाटायचं दिवे लावून येतो.

आत वेतोबाच्या वहाणा होत्या. हातभर लांब, जाडजूड, अंगठ्यावर पितळेचं फूल. आणि त्या वहाणांवर, नीट एकावर एक ठेवलेल्या, तुझ्या. म्हणजे तू आजीला आणलेल्या. कोऱ्या करकरीत.

सत्यवानदादांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. एकोणपन्नास साली तुला विषमज्वर झाला होता, एकवीस दिवस तुझं तुला भान नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वाचला तरी पायांत जोर येईलसं दिसत नाही. आजी त्या दिवशी देवळात गेली आणि वेतोबाला म्हणाली, माझा नातू उभा राहिला तर तो स्वतःच्या पायांनी येऊन स्वतःच्या हातांनी तुझ्या पायांत वहाणा घालील, तोवर माझ्या पायांत नाहीत. तू उभा राहिलास. आणि वहाणा करायला टाकायच्या आत मामाबरोबर मुंबईला गेलास. चार वर्षांनी तू येणार असं कळलं तेव्हा तिने हा जोड करून घेतला. तू गेल्यावर आठ दिवसांनी ती तो आणि तुझा असे दोन्ही जोड घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "दोनय जोड एकत्र ठेव. एकाच दिसा भायर काढूचे आसत." तेव्हापासून दर वर्षी पावसाच्या आधी ती तेलाची बाटली घेऊन जायची, दुकानाच्या पायरीवर बसून दोन्ही जोडांना तेल चोळायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. चामडं तडकू नये म्हणून. सात पावसाळे.

सत्यवानदादांनी तिला एकदा विचारलं होतं, आजये, नातवाक एक कार्ड टाक ना. ती म्हणाली, "मी बोलवलंय तर तो माझ्यासाठी येतलो. तेका वेतोबासाठी येवक व्हयो. बोलवचा काम तेचा, वाट बघूचा काम माझा." आता कळलं का, "माझा मी केलंय" म्हणजे काय ते?

तुला हे सांगायचं नाही अशी शपथ तिने सत्यवानदादांना घातली होती. शपथ त्यांना होती, मला नाही, म्हणून सांगितलं. पण तू ये असं मी लिहिणार नाही. ते काम तिने ज्याच्यावर टाकलंय त्याचं.

रात्री फार रडले. रडता रडता तिचा रागही आला. एवढी हट्टी म्हातारी दादा, सगळ्या तालुक्यात दुसरी नसेल.

तुझी
सुगंधा


माझगाव, मुंबई
११ मार्च १९६१

चि. सुगंधा,

उत्तराला उशीर झाला. गोदीत काम फार आहे, एकामागून एक बोटी दुरुस्तीला येतायत.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पण सरळ बोलतो. मी देव मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला विषमज्वरातून औषधाने आणि तुमच्या सेवेने उठवलं. मी आता येऊन दगडाच्या पायांशी वहाणा ठेवल्या तर ते नाटक होईल, आणि आजीच्या नावाने नाटक मला करायचं नाही. बाळाला ठेवायला सांग. नाहीतर तू ठेव, तुझा विश्वास आहे. गुरवांना विचार, काही ना काही तोड असतेच.

आणि राग मलाही येतो. हे सगळं मनात ठेवून ती सात वर्षं तेल चोळत बसली! मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी गेलो नसतो का? पाच मिनिटांचं तर काम. एक शब्द, सुगंधा. तोही तिला जड झाला.

तुझा
शिवादादा


खाजणवाडी
२० मार्च १९६१

शिवादादास नमस्कार.

गुरवांना विचारलं. म्हणाले, ज्याच्या पायांसाठी शब्द दिला त्याच्याच हातांनी, दुसऱ्या हातांचं तिथे काम नाही. तोड विचारली तर म्हणाले, "हौसाबायन घातलेली गाठ, ती मी कशी सोडू?" तेव्हा गठ्ठा सत्यवानदादांकडेच आहे. तेल मी नेऊन ठेवलंय.

बाकी सगळं ठीक. सुरंगी यंदा वेड्यासारखी फुललीये, सकाळी दार उघडलं की घरात वास घुसतो. माझ्या चौथीच्या वर्गाच्या परीक्षा जवळ आल्या. देवळामागच्या पाणंदीत माझ्या टाचेत बोरीचा काटा मोडला, काकीने सुईने काढला तोवर टाच सुजली होती. गेले दोन दिवस लंगडत शाळेत जाते आणि मधल्या सुट्टीत पोरं माझ्यासारखी चालून दाखवतात. त्यातला एक तर माझ्यापेक्षा चांगला लंगडतो.

आंबा यंदा बरा आहे. काकी तुला पेटी पाठवू का विचारते.

तुझी
सुगंधा


माझगाव, मुंबई
२७ मार्च १९६१

सुगंधा,

टाचेत काटा मोडला? तुझ्या टाचेत? तुझ्या वहाणांचा तळवा बोटभर जाड आहे, गेल्या दिवाळीला मीच पाठवल्यात. त्यातून खिळा जायचा नाही, बोरीचा काटा कुठला जातो? तू अनवाणी चालतेस. तो गठ्ठा पाहिलास त्या शनिवारपासून चालतेस. दोन महिने. आणि मला आंब्यांची बातमी देतेस!

मी ते पत्र खोलीत मोठ्याने वाचत होतो, मंडळींना वाडीची खबर म्हणून. काट्यापाशी आलो आणि पुढे वाचवेना. कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, अक्षर लागत नाही.

आता मी जे लिहितो ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. सभेतही नाही आणि तुला लिहिलं त्यातही नाही.

तिने मला शब्द टाकला होता. एक नाही, दोन वेळा. त्या जायच्या दिवशी पहाटे मी ट्रंक भरत होतो. ती दारात आली, न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून. म्हणाली, "शिवा, वायच वेतोबाकडे जावन येवया. पाच मिन्टा." मी म्हटलं, बोट चुकेल. बोटीला चार तास होते. तिलाही ते माहीत होतं. ती म्हणाली, "वाटेरच आसा रे." तेव्हा मी मुंबईत नव्यानेच शिकलेलं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. म्हटलं, दगडाच्या पाया पडायला मी इतक्या लांबून आलेलो नाही. तिने खुंटीवरच्या वहाणांकडे एकदा बघितलं आणि माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. मी नको म्हणत होतो तरी घेतली. तशीच बंदरापर्यंत चालली, तापलेल्या कातळावरून.

"उद्या घालतंय" म्हणाली होती, तो हा उद्या. ती मला फसवत नव्हती. सत्यवानदादांनी केलेला मोठा जोड तयार होता, मला देवळात न्यायचं, तिथून येताना माझ्या वहाणा पायांत घालायच्या, आणि मिरवत मला बंदरावर पोचवायचं, असं तिने ठरवलं होतं. मी आज सात वर्षं ज्याला त्याला सांगत फिरलो की तिने माझ्या वहाणा घातल्या नाहीत. घालू मीच दिल्या नाहीत, सुगंधा.

मागच्या पत्रात मी "एका शब्दाने सांगितलं असतं तर" असं लिहिलं. ते लिहिताना मला ती पहाट आठवत होती, तरी लिहिलं. तेराव्याला आलो नाही तेही रजेमुळे नाही. ती खुंटी बघायची हिंमत नव्हती.

सहा एप्रिलच्या गुरुवारच्या बोटीने निघतो. देव मी आजही मानत नाही, खोटं कशाला बोलू. पण माझ्या पायांसाठी या घरातल्या एका बाईने अकरा वर्षं कातळ तुडवला आणि आता दुसरीने सुरुवात केली. तुला तोवर वहाणा घाल असं लिहिणार होतो. मग म्हटलं शाई कशाला फुकट घालवा, तू आजीचीच नात.

तुझा
शिवादादा


माझगाव, मुंबई
२४ एप्रिल १९६१

चि. सुगंधा,

सुखरूप पोचलो. फणसाचे गरे बोटीत अर्धे संपले, उरलेले खोलीतल्या मंडळींनी संपवले. काकीला सांग, कौलं मी शाकारली खरी, पण माजघरावरची दोन हलतायत, बाळाला बघायला सांग.

तू शाळेतून धावत देवळापाशी आलीस तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. तू विचारलंस, काय झालं, आणि मी म्हटलं, ठेवल्या. पुढे दहा दिवस तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मी फणस, कौलं, गोदीतले मुकादम असं सगळं बोललो आणि ते बोललो नाही. तोंडाने सांगणं होत नव्हतं. आता लिहितो.

पडावातून उतरलो तो सरळ सत्यवानदादांकडे गेलो. त्यांनी आतून गठ्ठा काढून माझ्या हातांत दिला आणि म्हणाले, "जड आसा, सांबाळ." बूट मी तिथेच दुकानात काढून ठेवले. त्यांना वाटलं श्रद्धेने काढतोय. मला एवढंच बघायचं होतं की कसं लागतं. तीन मैल, सकाळचे दहा वाजलेले. पहिला मैल बरा गेला. कातळ लागला आणि मी नाचायला लागलो, खरंच नाचत होतो, गवताच्या काडीवर पाय ठेवत, डोक्यावर गठ्ठा. सुरंगीची टोपली घेऊन येणारी एक बाई मला बघून थांबली. मी तिला वाट दिली तर म्हणाली, "हौसाबायचो नातू मां तू? इलंस?" मी आठ वर्षांत गावात पाऊल टाकलेलं नाही आणि तिने चेहऱ्यावरून ओळखलं. इलंस, एवढंच म्हणाली आणि गेली. मला पुढे रस्ता नीट दिसेना.

देवळात गुरव एकटेच होते. वेतोबा तसाच उभा, लहानपणी वाटायचा त्यापेक्षाही उंच. गुरव म्हणाले, गाऱ्हाणं घाल, काय ते देवाला बोलून सांग. मला गाऱ्हाणं येत नाही. आपल्या घरात ते आजीच घालायची. मुंबईतली सगळी व्याख्यानं आठवली, एक शब्द उपयोगाला येईना. मग तोंडातून जे आलं ते मालवणीत आलं, आणि मी गेल्या कित्येक वर्षांत मालवणीत बोललेलो नव्हतो. "बा वेतोबा म्हाराजा, माझ्या आजयेन सांगलेला, उद्या. मी आठ वर्सा उशीर केलंय. तिचो उद्या आज इलो. ह्यो तुझो जोड घे, आणि तिका सांग, शिवा इलो."

अशा वेळी मागे माणसं उभी असतात आणि "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझ्यामागे कोणी नव्हतं. गुरव एकटेच म्हणाले, पण असे खणखणीत म्हणाले की गाभारा घुमला. मी खाली बसलो, त्या दगडाच्या पायांत एकेक वहाण सारली. ज्याला मी दगड म्हणालो होतो त्याच्या पायांवर डोकं टेकवून मी पोरासारखा रडलो. गुरव बाहेर जाऊन उभे राहिले, शहाणा माणूस.

देव मानतो की नाही ते आता विचारू नकोस. मला ठाऊक नाही. पण तिथे कोणीतरी ऐकत होतं, निदान गुरव तरी ऐकत होते. आणि आजीचा आवाज मला परत आठवायला लागलाय. रोज गोदीत इंजिनाखाली शिरलो की ती मला दोन शब्द सुनावते.

आजीचा जोड तुझ्या हातांत दिला तो तू पदराखाली धरून घरी नेलास आणि खुंटीवर टांगलास. मी निघेपर्यंत तो तिथेच होता. तुला काही म्हणायचं धाडस झालं नाही. आता म्हणतो. तिच्यासाठी माप मागवलं होतं तेव्हा तू लिहिलं होतंस की आजीचा पाय आणि तुझा पाय सारखाच. घाल. टांगून ठेवलेल्या वहाणांचं या घरात पुष्कळ झालं.

तुझा
शिवादादा


खाजणवाडी
२ मे १९६१

शिवादादास सुगंधाचा नमस्कार.

तुझं पत्र काकीला वाचून दाखवलं. देवळातला भाग आला तेव्हा ती उठून आत गेली आणि चुलीत फुंकर मारत बसली. चूल पेटलेलीच नव्हती.

काल गुरवांनी मला देवळात बोलावलं. वेतोबाच्या उजव्या वहाणेची टाच दाखवली, तिला ओली माती लागली होती. म्हणाले, "बघ, नयो जोड घालून भोवाक लागलो." मी मान हलवली. त्यांच्या गोठ्याकडून येणाऱ्या वाटेवर तशीच माती आहे हे मी पाहिलेलं आहे. पण गोठ्याची वाट गुरवांची, आणि त्या वाटेने वेतोबा जात नाही असं थोडंच आहे?

तुला एक सांगायचंय. काटा खरा होता, सूजही खरी होती, लंगडण्याची नक्कल करणारा पोरगाही खरा आहे. पण तो काटा मी पत्रात घातला तो मुद्दाम. बोलवायचं काम वेतोबाचं, एवढंच आजी सांगून गेली होती, काट्याबद्दल तिने काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. माझा दादा देव मानत नसेल, पण त्याने पाठवलेल्या वहाणांचा तळवा किती जाड आहे ते तो विसरायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. पत्र टाकून आल्यावर मात्र मनात आलं. आजीचा शब्द मी मोडला तर नाही? देवळात जाऊन विचारावं म्हणून निघाले, आणि पाणंदीत त्याच बोरीखाली उभी राहिले. ती बोर देवळाच्या आवारातली आहे, दादा. वेतोबाच्या फिरण्याच्या वाटेवरची. मग तुला बोलावलं ते मी की त्याने, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथूनच परत फिरले.

आजीच्या वहाणा मी घातल्या. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशीच घातल्या, तुझं पत्र यायची वाट बघितली नाही. माप बरोबर आहे. पण सात वर्षं तेल पाजूनसुद्धा दोन्ही अंगठ्यांना अशा चावल्या की चार दिवस मी पुन्हा लंगडत होते. काकी म्हणाली, हौसाचीच वस्तू ती, पयली चावतली, मगे सांबाळतली. आता चावत नाहीत. हे पत्र टाकायला मी त्याच घालून कातळावरून पोस्टात चालले आहे. दुपारचे बारा वाजलेत आणि मला काही घाई नाही.

तुझी
सुगंधा